सुट्या पायथन फायलींचे एक पॅकेज: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी पायऱ्या

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील महाविद्यालयांत, मच्छीमार सोसायट्यांच्या कार्यालयांत आणि हंगामात आंबा बागायतदारांच्या घरी आपल्या गरजेपुरत्या पायथन स्क्रिप्ट लिहिणारी मंडळी आता सहज भेटतात. त्या स्क्रिप्ट स्वतःच्या संगणकावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात. शेजारच्या गावातून कुणी ‘आम्हालाही द्या’ म्हणाले की मात्र अडचण सुरू होते, कारण चार फायली व्हॉट्सॲपने जातात, पाचवी राहून जाते, आणि पोहोचलेल्या फायलीही तिकडच्या संगणकावर एकमेकींना सापडत नाहीत. या सुट्या फायली एका पॅकेजमध्ये बांधण्याचे काम कठीण नाही. त्याची माहिती तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असल्यामुळे नवखा माणूस गोंधळतो, म्हणून सगळा क्रम इथे एका ठिकाणी देत आहे.

पॅकेज बांधून झाले असे केव्हा म्हणावे, याची माझी कसोटी एकच आहे. ज्या संगणकावर ते लिहिलेले नाही, ज्यावर तुमचे एकही फोल्डर नाही आणि ज्याला त्या वेळी इंटरनेटही नाही, अशा संगणकावर ते बसले आणि चालले, तर ते पॅकेज झाले. मृग लागल्यापासून पुढचे काही महिने आपल्याकडे विजेचा आणि रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे ‘उरलेले तिकडे डाउनलोड होईल’ असे गृहीत धरून केलेले काम इथे अर्धवट राहते.

उदाहरणासाठी किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक ठोकताळा घेऊ. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसातली दुसरी भरती त्यानंतर सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. हा हिशेब करणारी एक फाईल, बंदरांची नावे असलेली एक सीएसव्ही फाईल आणि वापरणाऱ्याला उत्तर दाखवणारी एक फाईल, एवढी आपली लायब्ररी आहे. तिला ‘भरती-वेळ’ म्हणू.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांतच टाकावीत.

लागणारी साधने आणि कागद

- पायथन ३.९ किंवा त्यापुढची आवृत्ती. विंडोज ७ असलेल्या जुन्या संगणकावर ३.८ च्या पुढचे पायथन बसत नाही, हे ज्यांना पॅकेज द्यायचे आहे त्यांच्याकडे आधी विचारून घ्यावे.
- साधा मजकूर-संपादक, जो फाईल यूटीएफ-८ मध्ये (मराठीसह सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) साठवतो.
- बिल्ड आणि हॅचलिंग ही पॅकेज बांधण्याची आणि ट्वाइन हे ते इंटरनेटवर चढवण्याचे, अशी तीन पायथन साधने. रेंज चांगली असेल त्या दिवशीच ती उतरवून ठेवावीत.
- एक पेनड्राइव्ह आणि चाचणीसाठी दुसऱ्या कुणाचा तरी संगणक.
- परवान्याचा मजकूर आणि पॅकेजची ओळख करून देणारे एक-दोन पानी टिपण.

१. नाव ठरवा आणि फोल्डर मांडा

पॅकेजला दोन नावे असतात आणि नवख्यांचा पहिला घोळ इथेच होतो. इन्स्टॉल करताना जे नाव सांगायचे त्यात जोडरेषा चालते. प्रोग्रॅममध्ये इम्पोर्ट करताना मात्र जोडरेषेचा अर्थ पायथन वजाबाकी असा लावते, म्हणून तिथे अंडरस्कोर वापरावा लागतो. म्हणजे इन्स्टॉल ‘भरती-वेळ’ करायचे आणि इम्पोर्ट ‘भरती_वेळ’ करायचे. पायथन ३ मध्ये फंक्शनची नावे देवनागरीत ठेवता येतात, पण पॅकेजच्या नावाला ती मुभा नाही. ते रोमन अक्षरे, अंक, टिंब, जोडरेषा आणि अंडरस्कोर यांतच बसवावे लागते.

मुख्य फोल्डरमध्ये पायप्रोजेक्ट डॉट टॉमल, रीडमी आणि लायसन्स या तीन फायली ठेवा. त्याच ठिकाणी ‘एसआरसी’ नावाचे फोल्डर करा, त्याच्या आत ‘भरती_वेळ’ आणि त्याच्या आत तुमच्या सगळ्या स्क्रिप्ट. एसआरसीचा हा जादा मजला अनेकांना निरर्थक वाटतो. तो नसेल, तर मुख्य फोल्डरमध्ये उभे राहून चाचणी करताना पायथन इन्स्टॉल केलेले पॅकेज सोडून शेजारची मूळ फाईल उचलते, आणि सगळे ठीक असल्याचा खोटा दिलासा मिळतो.

फाईलला ‘कॅलेंडर’ किंवा ‘रँडम’ यांसारखे नाव देऊ नका. तिथीचे काम असल्यामुळे कॅलेंडर हे नाव हटकून सुचते, पण त्याच नावाचे मॉड्यूल पायथनच्या स्वतःच्या संचात आहे, आणि तुमची सुटी फाईल त्याच्या आड येऊन भलतीकडेच चूक दिसू लागते.

२. स्क्रिप्टचे लायब्ररीत रूपांतर करा

स्क्रिप्ट सुरू करताच चालते, तर लायब्ररी बोलावल्यावरच काम करते. त्यामुळे फाईलच्या वरच्या पातळीवर मोकळी पडलेली ‘तिथी सांगा’ अशी विचारणा किंवा छपाई तिथे ठेवून चालत नाही. तशी ठेवली, तर दुसऱ्या कुणी तुमची लायब्ररी नुसती इम्पोर्ट केली तरी त्याचा प्रोग्रॅम तुमच्या प्रश्नाशी अडून बसेल. असा सगळा भाग ‘मेन’ नावाच्या फंक्शनमध्ये हलवा.

यानंतर फायलींनी एकमेकींना हाक मारण्याची पद्धत बदलावी लागते. सुट्या असताना ‘इम्पोर्ट तिथी’ एवढे पुरत होते, कारण जी स्क्रिप्ट चालवली जाते तिचे फोल्डर पायथन सर्वांत आधी धुंडाळते. पॅकेजमध्ये गेल्यावर ही सोय उरत नाही, म्हणून ‘फ्रॉम भरती_वेळ इम्पोर्ट तिथी’ असे पूर्ण नाव लिहा. पॅकेजच्या फोल्डरमध्ये ‘इनिट’ नावाची फाईल ठेवा, जिच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असतात, आणि बाहेरच्यांनी वापरावीत अशी फंक्शन फक्त तिथे नोंदवा.

हिशेबाच्या फंक्शनला याच वेळी चाचण्या लिहाव्यात. आपल्या उदाहरणात एक नेमकी अडचण आहे: पंचांगात पौर्णिमेचा आकडा १५ असतो आणि अमावास्येचा ३० छापलेला असतो. वापरणाऱ्याने पंचांगात पाहून ३० टाकले, तर सरळ पाऊणपट केल्यावर साडेबावीस येते, प्रत्यक्षात अमावास्येची भरती पौर्णिमेच्याच सुमारास असते. त्यामुळे ३० ला १५ मानण्याची आणि त्याखेरीज १५ च्या पुढचा कोणताही आकडा नाकारण्याची चाचणी हवीच. कुणी देवनागरी आकडा टाकला तर मात्र काळजी नको, कारण ‘८’ या अक्षराचे पायथन स्वतःहून संख्येत रूपांतर करते.

३. डेटा फाईल सांभाळा

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत धोक्याचा टप्पा हाच आहे, आणि मराठी मजकूर असेल तर धोका दुप्पट आहे.

पहिला प्रश्न जागेचा. ‘बंदरे’ ही सीएसव्ही फाईल नुसत्या नावाने उघडली, तर पायथन ती वापरणारा ज्या फोल्डरमध्ये उभा आहे तिथे शोधते, पॅकेजमध्ये शोधत नाही. तुमच्या संगणकावर तुम्ही नेहमी त्याच फोल्डरमध्ये असता, म्हणून ही चूक कधी दिसत नाही. त्याऐवजी इम्पोर्टलिबमधील ‘रिसोर्सेस’ वापरा आणि त्यातील ‘फाइल्स’ या फंक्शनला पॅकेजचे नाव सांगून डेटा मागा. हे फंक्शन पायथन ३.९ पासून उपलब्ध आहे आणि पॅकेज झिप फाईलच्या आत असले तरी काम करते.

दुसरा प्रश्न लिपीच्या संकेतनाचा, म्हणजे अक्षरे बाइटच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीचा. लिनक्सवर फाईल आपसूक यूटीएफ-८ म्हणून वाचली जाते, पण आपल्याकडच्या बहुतेक विंडोज संगणकांवर सध्या प्रचलित असलेली पायथनची आवृत्ती, वेगळे सांगितले नाही, तर विंडोज-१२५२ हे जुने पाश्चात्त्य संकेतन गृहीत धरते. त्याचा परिणाम फार फसवा असतो. यादीत फक्त ‘मालवण’ आणि ‘देवगड’ असतील, तर प्रोग्रॅम कुठेही न थांबता त्या नावांच्या जागी अगम्य चिन्हांची माळ छापतो. त्याच यादीत ‘हर्णै’ आले की मात्र प्रोग्रॅम चूक दाखवून बंद पडतो. कारण असे की हलन्त चिन्हाच्या यूटीएफ-८ रूपातील शेवटचा बाइट ८डी हा आहे आणि विंडोज-१२५२ मध्ये त्या जागी कोणतेही अक्षर नेमलेले नाही. म्हणजे ज्या नावात जोडाक्षर आहे तिथे चूक ओरडून सांगितली जाते, आणि ज्यात नाही तिथे ती बहुधा गुपचूप खपून जाते. म्हणून फाईल वाचताना आणि लिहिताना, प्रत्येक वेळी, संकेतन यूटीएफ-८ असल्याचे स्पष्ट लिहा, आणि चाचणीच्या यादीत वेंगुर्ले, रत्नागिरी, हर्णै अशी जोडाक्षरांची नावे मुद्दाम ठेवा.

सीएसव्ही फाईल एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवलेली असेल, तर तिच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य चिन्ह येते. मग पहिल्या रकान्याचे नाव पडद्यावर ‘बंदर’ असे स्वच्छ दिसत असूनही पायथन तो रकाना नसल्याचे सांगते. अशा फाईलसाठी ‘यूटीएफ-८-सिग’ हे संकेतन द्यावे, ते चिन्ह असले तर वगळते आणि नसले तरी बिघडत नाही.

डेटा आपला आहे का, हेही इथेच पाहावे. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रकाशित करते. ती अचूक आहेत म्हणून परवानगीशिवाय उचलून पॅकेजमध्ये भरू नयेत.

४. पायप्रोजेक्ट डॉट टॉमल लिहा

ही फाईल म्हणजे पॅकेजचा अर्ज. ‘बिल्ड-सिस्टिम’ या पहिल्या विभागात कोणत्या साधनाने बांधायचे ते सांगावे लागते. सेटअपटूल्स हे जुने आणि सर्वत्र आढळणारे साधन आहे, पण त्यात डेटा फायली घेण्यासाठी वेगळी नोंद करावी लागते आणि नवखे नेमके तीच विसरतात. म्हणून सुरुवातीला मी हॅचलिंग सुचवतो, ते पॅकेजच्या फोल्डरमधील सर्व फायली आपोआप घेते. एक पथ्य मात्र पाळावे लागते: फायलींतील बदलांची नोंद ठेवणारे गिट वापरत असाल आणि त्याने दुर्लक्षित कराव्यात अशा फायलींच्या यादीत सीएसव्ही असेल, तर हॅचलिंगही ती वगळते.

‘प्रोजेक्ट’ या दुसऱ्या विभागात नाव, आवृत्ती, एका ओळीचे वर्णन, रीडमीचे नाव, परवाना आणि किमान पायथन आवृत्ती द्या. आवृत्ती ०.१.० पासून सुरू करा. परवाना कोरा सोडू नका, कारण परवाना लिहिलेला नसेल तर समोरच्याला ते वापरण्याचा किंवा पुढे वाटण्याचा हक्कच मिळत नाही. ‘स्क्रिप्ट्स’ या विभागात ‘भरती’ अशी आज्ञा तुमच्या मेन फंक्शनशी जोडून द्या, म्हणजे वापरणाऱ्याला पायथन माहीत नसले तरी तो एक शब्द टाइप करून वेळ पाहू शकेल.

अवलंबनांची, म्हणजे तुमच्या पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांची, यादी जितकी लहान तितके पॅकेज दूर जाते. पॅकेजे बसवणाऱ्या पिप या साधनाच्या ‘फ्रीझ’ आज्ञेने मिळणारी, बसवलेल्या सगळ्या पॅकेजांची यादी तिथे चिकटवण्याचा मोह टाळावा, कारण त्यात तुमच्या इतर कामांची साधनेही असतात आणि प्रत्येकाची आवृत्ती जखडलेली असते. आपल्या लायब्ररीतले उदाहरण पाहा. भारतीय वेळेसाठी पायथनचे झोनइन्फो वापरले, तर लिनक्सवर ते चालते, विंडोजवर मात्र वेळक्षेत्रांचा तो साठाच नसतो, त्यामुळे टीझेडडेटा नावाचे आणखी एक पॅकेज लागते. आपल्या देशात उन्हाळी वेळ नसल्यामुळे साडेपाच तासांचा ठाम फरक लिहिला की काम होते आणि ते अवलंबन उरतच नाही.

रीडमीमध्ये, अगदी वरच्या बाजूला, हा ठोकताळा ढोबळ असून होडी समुद्रात नेण्याचा निर्णय त्यावर घेऊ नये, असे ठळक लिहा. ज्याच्या हातात पॅकेज पडेल त्याला तुम्ही समोर बसून समजावणार नसता.

५. बांधणी करा

आधी आभासी पर्यावरण, म्हणजे या कामापुरती पायथनची वेगळी जागा, तयार करून ते सुरू करा: ‘पायथन -एम व्हेन्व्ह’ आणि पुढे त्याचे नाव. ही पायरी टाळू नका. उबंटूमध्ये २३.०४ पासून पिप या पर्यावरणाबाहेर काही बसवू देत नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये पर्यावरण सुरू करताना स्क्रिप्ट चालवण्यास मनाई असल्याचा संदेश आला, तर संगणकाच्या सुरक्षेचे नियम बदलत बसण्यापेक्षा साधा कमांड प्रॉम्प्ट उघडावा.

मग बिल्ड बसवून मुख्य फोल्डरमधून ‘पायथन -एम बिल्ड’ ही आज्ञा द्या. ‘डिस्ट’ फोल्डरमध्ये दोन फायली तयार होतील: मूळ स्रोताचा टार-जीझेड गठ्ठा आणि त्यापासून बनवलेली, थेट बसवता येणारी व्हील फाईल. बिल्ड दर वेळी स्वतःचे वेगळे पर्यावरण करून त्यात हॅचलिंग नव्याने उतरवते, म्हणून रेंज नसताना ते अडते. हॅचलिंग तुमच्या पर्यावरणात आधीच असेल, तर ‘नो-आयसोलेशन’ हा पर्याय जोडून इंटरनेटशिवाय बांधणी करता येते.

६. वाटण्याआधी आत काय आहे ते पाहा

व्हील ही मुळात झिप फाईलच असते. ‘पायथन -एम झिपफाइल -एल’ आणि पुढे व्हील फाईलचा मार्ग असे लिहिले की आतली यादी दिसते. त्यात बंदरांची सीएसव्ही आहे का, ते डोळ्यांनी पाहा. ‘रेकॉर्ड’ नावाच्या फाईलमध्ये आतील फायलींच्या नोंदी आणि पडताळणीसाठी त्यांचे हॅश असतात.

टार-जीझेड गठ्ठाही अवश्य उघडा, कारण हॅचलिंग त्यात मुख्य फोल्डरमधील जवळपास सगळेच घेते. सोसायटीच्या सभासदांचे फोन नंबर असलेली एखादी जुनी यादी किंवा पासवर्ड लिहिलेली फाईल तिथे पडलेली असेल, तर तीही बाहेर जाईल.

७. परक्या संगणकावर बसवा

व्हील पेनड्राइव्हवर घ्या आणि इंटरनेट बंद करून दुसऱ्या संगणकावर पिपने बसवा. मग प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एखाद्या फोल्डरमध्ये जाऊन ‘भरती’ आज्ञा चालवा आणि तिला चतुर्थी, अमावास्या आणि हर्णै या तिन्ही गोष्टी विचारा. शक्य असल्यास हा संगणक विंडोजचा असावा, कारण संकेतनाची चूक तिथेच उघडी पडते.

फाईलचे नाव बदलू नका. नावातच पॅकेज, आवृत्ती, पायथन आणि संगणकाचा प्रकार ही माहिती ठरलेल्या क्रमाने असते, आणि शेवटचे ‘पीवाय३-नन-एनी’ हे शब्द सांगतात की ती पायथन ३ असलेल्या कोणत्याही संगणकावर चालेल. व्हॉट्सॲपवरून तीच फाईल दुसऱ्यांदा उतरवली की नावाच्या शेवटी कंसात आकडा लागतो आणि पिप ती नाकारते. तो आकडा काढून नाव पूर्ववत केले की फाईल बसते.

पॅकेजला इतर अवलंबने असतील, तर ‘पिप डाउनलोड’ने व्हील आणि तिला लागणारे सारे एका फोल्डरमध्ये जमा करा. परक्या संगणकावर ‘नो-इंडेक्स’ आणि ‘फाइंड-लिंक्स’ हे दोन पर्याय देऊन त्याच फोल्डरमधून बसवा. नमपायसारखी संकलित पॅकेजेस प्रत्येक संगणक-प्रकारासाठी आणि पायथन आवृत्तीसाठी वेगळी असतात, हे जमवताना लक्षात ठेवा.

इन्स्टॉल करणेही नको, नुसती एक फाईल चालवायची आहे, अशी मागणी असेल, तर पायथन ३.५ पासून सोबत येणारे झिपॲप वापरा. ते एसआरसी फोल्डरची एकच ‘पीवायझेड’ फाईल करते, जी पायथन असलेल्या संगणकावर थेट चालते. डेटा फाईल तिसऱ्या पायरीप्रमाणे वाचली असेल, तरच ती झिपच्या आतून सापडेल. ज्या संगणकावर पायथनच नाही तिथे पायइन्स्टॉलर लागते, पण विंडोजसाठीची फाईल विंडोजवरच बांधावी लागते आणि अँटिव्हायरस अशा फायलींवर पुष्कळदा विनाकारण संशय घेतो, म्हणून तो मार्ग मी शेवटचा ठेवतो.

८. सर्वांसाठी खुले करायचे असल्यास

चारचौघांपुरते पॅकेज असेल, तर सातव्या पायरीवर थांबावे. सर्वांना पिपने थेट मिळावे असे वाटत असेल, तर पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पॅकेजे आणते त्या सार्वजनिक साठ्यावर, खाते काढा, आणि सरावासाठी टेस्ट-पायपीआयवर वेगळे खाते काढा, कारण दोन्हींची खाती स्वतंत्र आहेत. २०२४ पासून पायपीआयवर द्विस्तरीय पडताळणी सर्वांना सक्तीची आहे. त्यासाठी मोबाइलवर एसएमएस येत नाही, ऑथेंटिकेटर ॲप किंवा सुरक्षा-किल्ली लागते. ॲप रेंजशिवायही संकेतांक दाखवते, ही आपल्या भागासाठी सोयीची गोष्ट आहे. फोन पाण्यात पडला तर खाते परत मिळावे म्हणून पुनर्प्राप्तीचे संकेतांक कागदावर लिहून घरात ठेवा.

फायली चढवण्यासाठी खात्याचा पासवर्ड चालत नाही, टोकन घ्यावे लागते. ते एकदाच दाखवले जाते, आणि ट्वाइनमध्ये चिकटवताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे ते गेले नाही असे समजून दोनदा चिकटवू नका. चढवण्याआधी ‘ट्वाइन चेक’ चालवा, म्हणजे रीडमीतील दोष आधीच कळतील.

एकदा चढवलेल्या फाईलचे नाव पायपीआयवर पुन्हा कधीही वापरता येत नाही, फाईल काढून टाकली तरीही नाही. ०.१.० मध्ये चूक निघाली, तर दुरुस्ती करून ०.१.१ काढा आणि सदोष आवृत्ती ‘यँक’ करा. ती कुणी नेमकी मागितली तरच मिळेल, नव्याने बसवणाऱ्यांना मिळणार नाही.

९. पेनड्राइव्हने नेलेल्यांची नोंद ठेवा

पायपीआयवरून घेणाऱ्यांना नवी आवृत्ती निघाल्याचे पिपला विचारून कळते. पेनड्राइव्हने नेलेल्यांना ते कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. म्हणून ‘भरती’ आज्ञेला ‘व्हर्जन’ हा पर्याय ठेवा, फोनवर विचारल्यावर समोरचा माणूस तो चालवून आकडा सांगू शकेल. कोणाकडे कोणती आवृत्ती गेली याची एक यादी ठेवा, ती प्रकल्पाच्या फोल्डरबाहेर ठेवा, आणि हिशेबावर परिणाम करणारी चूक सापडली, तर यादीतल्या प्रत्येकाला नवी व्हील त्याच दिवशी पोहोचती करा.